गिरणीच्या वाटेवरची तार

आर्लेत उताणी पडली होती. डावा पाय घोट्यापासून भलत्याच दिशेला वळलेला, कपाळावर रक्त. शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता.

माइतेने आधी अँब्युलन्सला फोन केला, मग पोलिसांना. अठ्ठावीस वर्षं तिने या डोंगराळ भागात सायकलवरून टपाल वाटलं होतं. घाबरायचं कधी आणि फोन करायचा कधी, हे तिला बरोबर कळायचं.

मदत येईपर्यंत तिने आजूबाजूला पाहिलं. वाटेच्या उजवीकडच्या ओकच्या बुंध्याला, नडगीच्या उंचीवर, हिरव्या प्लास्टिकचं वेष्टण असलेली बारीक तार गुंडाळली होती. तिचं दुसरं टोक डावीकडच्या झाडापाशी गवतात पडलं होतं. तुटलेलं नव्हतं. पीळ उलगडून सोडवलेलं होतं.

मे महिन्यातली सकाळ, सव्वासात वाजलेले. दोन्ही बाजूंना रेजिस देल्प्राची प्लमची बाग, आणि मधून ही जुनी सार्वजनिक वाट. चर्चपासून चढत वर गिरणीपर्यंत. मोंतेरां गावातले पळणारे सगळे याच वाटेने आणि याच दिशेने जायचे. झाडांवर पिवळे बाणही तसेच रंगवले होते. आज मात्र आर्लेत आजारी मावशीला ब्रेड द्यायला आधी गाडीने गिरणीवर गेली होती. "मी वरून येते, तू खालून ये, मध्ये भेटू," एवढंच ती सकाळी फोनवर माइतेला म्हणाली होती.

आर्लेतला आजँ शहरातल्या इस्पितळात नेलं. पोलीस अधिकारी नादेज कासेन्य पंचनामा करत होती. वयाने तिशीची, बोलायला तुटक.

"कोणाशी भांडण होतं?"

"तिचं? शाळेतल्या मुलांच्या शुद्धलेखनाशी."

"पळणाऱ्यांशी कोणाचं होतं?"

"फिर्मां काझोबाँचं. पण त्याचं सगळ्या जगाशी आहे."

फिर्मां शिकारी. तुम्ही धावत सुटता आणि माझे कुत्रे बिथरतात, म्हणून गेल्याच आठवड्यात त्याने कॅफेत टेबलावर मूठ आपटली होती. "एकेकाला आडवा करीन," असंही म्हणाला होता. ते वीस जणांनी ऐकलं होतं.

नादेज त्याला भेटायला गेली, तेव्हा माइते न बोलावता मागोमाग गेली.

"तार तुमची?" नादेजने विचारलं.

"माझ्या कुंपणाला काटेरी तार आहे, गंजलेली. ही असली हिरवी नाजूक तार माझ्याकडे कशाला? मी काय गुलाब बांधतो?"

"धमकी दिली होतीत."

"दिली होती! रोज कोणाला ना कोणाला देतो." म्हातारा माइतेकडे वळला. "तू सांग ना गं यांना. बावीस वर्षांपूर्वी तू माझं पत्र उशिरा आणलंस, तेव्हा तुलाही गोळी घालणार होतो. घातली?"

"अजून तरी नाही," माइते म्हणाली.

दुपारी कॅफेत हीच चर्चा. 'चढ चढताना शिक्षिका पडली,' अशी बातमी तोवर फोनवर फिरलीही होती. उपसरपंच रेजिस देल्प्रा आला, टोपी काढून माइतेशेजारी बसला. चेहरा उतरलेला.

"कशी आहे आता?"

"घोटा मोडलाय. डोक्याला मार आहे. काही आठवत नाही तिला."

"बिचारी. त्या उतारावर भरधाव येताना पाय अडकला की सावरणार कसं? माइते, वाईट वाटून घेऊ नकोस, पण ती वाट आता बंदच करायला हवी. शुक्रवारच्या सभेत ठराव मांडतोय. आणखी कोणाचा जीव जायला नको."

"आणि बंद झाल्यावर?"

"वापरात नसलेली वाट गाव विकू शकतं. पण ते पुढचं पुढे."

संध्याकाळी वाटेच्या दोन्ही तोंडांना लाल-पांढरे अडसर लागले. 'धोका. पळण्यास मनाई.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला माइतेने बुटांच्या नाड्या आवळल्या, अडसरावर हात टेकला आणि एकसष्टाव्या वर्षी त्यावरून उडी मारली. नीट जमली नाही, गुडघा खरचटला. तरी ती गिरणीपर्यंत पळाली आणि परत आली. परतताना, नेमकी आर्लेत पडली त्या जागी उतारावरून येताना, ती एकदम थांबली.

उतार!

मग तिने नादेजला फोन केला.

"आर्लेत कुठल्या बाजूने आली, हे तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. का?"

"मीही तुमच्याशिवाय कोणाला नाही. तिच्या मावशीला तर ती पडली हेही अजून कळलेलं नाही. आता माझं एक काम करा. शुक्रवारपर्यंत प्लमच्या बागेतली शेड तपासायची परवानगी मिळवा."

शुक्रवारी संध्याकाळी सहाला सभागृह भरलं. पळणारे सगळे चिखलाच्या बुटांनिशी आले होते. ती माइतेची सूचना होती. देल्प्राने ठराव वाचला. सरपंचबाईंनी विचारलं, "कोणाला बोलायचंय?"

माइते उभी राहिली.

"मला. ही तार भीती घालायला बांधली, असं आपण सगळे धरून चाललो. म्हणून फिर्मांवर संशय आला. पण भीती घालणारा माणूस तार काढेल कशाला? ती दिसली तरच लोक घाबरणार. मी पोचले तेव्हा तिचं एक टोक सोडवलेलं होतं. म्हणजे बांधणारा तिथेच दबा धरून होता. आर्लेत पडल्यावर तो तार काढून नेणार होता. मग उरलं काय असतं? मुळं, दगड आणि एक जखमी बाई. दोष वाटेचा. मी खालून आले आणि त्याचं काम अर्धं राहिलं."

माइतेने फिर्मांकडे बोट दाखवलं.

"वाट बदनाम झाली तर फायदा कोणाचा? शिकाऱ्याचा नाही. वाट विकली गेली तर ती बागेत जाईल आणि मग त्याचे कुत्रेही तिथे फिरू शकणार नाहीत. फायदा त्याचा, ज्याची बाग या वाटेने दुभंगली आहे."

"हा निव्वळ तर्क आहे," देल्प्रा शांतपणे म्हणाला.

"होय. म्हणून तुलाच विचारते. आर्लेत कुठल्या दिशेने पळत होती?"

"गिरणीकडून, उतारावर. सगळ्यांना माहीत आहे."

"कोणाला?" माइते लोकांकडे वळली. "हात वर करा, कोणाला माहीत होतं?"

एकही हात वर आला नाही. पुढच्या रांगेतून पाववाली पुटपुटली, "आम्हाला तर वाटलं, चढत होती."

"सगळ्या गावाला तेच वाटलं, रेजिस. रोज सगळे चढतात. त्या दिवशी ती उलटी आली, हे मला माहीत होतं, नादेजला माहीत होतं आणि ज्याने तिला पडताना पाहिलं त्याला."

मागचं दार उघडलं. नादेजच्या हातात हिरव्या तारेचं भेंडोळं होतं.

"तुमच्या शेडमधून, मुस्यू देल्प्रा. झाडावरची तार हिच्यातूनच कापली आहे. कापलेली टोकं जुळतात."

देल्प्राने टोपी टेबलावर ठेवली. मग त्याचा आवाज चढला.

"सतरा वर्षं! प्लम हलवायचं यंत्र पलीकडच्या बागेत न्यायचं तर चार किलोमीटरचा वळसा! कशासाठी? तुमची पोटं कमी व्हावीत म्हणून? ती नुसती पडायला हवी होती. खरचटलं असतं, बस्स. डोकं दगडावर आपटेल असं मला—"

"तिचा श्वास चालू आहे की नाही, तेवढं तरी पाहिलंस?" माइतेने विचारलं. "की आधी तारेकडे गेलास?"

नादेजने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं.

सरपंचबाईंनी घसा साफ केला. "वाट बंद करण्याच्या बाजूने?"

कोणी नाही.

"विरोधात?"

फिर्मांने दोन्ही हात वर केले. "एक माझा, एक कुत्र्यांचा!"

हशा थांबेपर्यंत माइतेने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं होतं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"सभा संपली असेल तर मी निघते," ती म्हणाली. "ते अडसर दोघांनी उचलले तर हलतील. कोण येतंय?"

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. पाववाली एप्रनसकट निघाली, सरपंचबाई उंच टाचांचे बूट हातात घेऊन. सर्वांत मागे गमबुटांतला फिर्मां होता. धापा टाकत तो प्रत्येक पळणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.