डाव्या बाजूचं वाक्य

तपासणी त्याच्या आईची होती. तो नुसता सोबत आला होता.

मी कान तपासते. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या एका छोट्याशा खोलीत. काचेपलीकडे पेशंट बसतो, अलीकडून मी बारीक बारीक आवाज सोडते, आणि आवाज आला की त्याने बटण दाबायचं, एवढंच. पण त्या दिवशी बाकावरची माणसं उठून माझ्या दारात गोळा झाली होती. आमची नर्ससुद्धा.

"अहो, वकीलसाहेब आलेत!"

आठ वर्षं तो एका मालिकेत वकील होता. मी मालिका बघत नाही. मला दिसला तो एक उंच, चाळिशीकडे झुकलेला, थोडा दमलेला माणूस... समोरच्याच्या ओठांकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघणारा.

"टीव्हीवर हा एकही खटला हरत नाही," आई म्हणाल्या. "घरी एक जिंकून दाखव म्हणावं!"

आईंना कानाचं मशीन बसवलं. त्या आरशात बघत होत्या, तेवढ्यात मी त्याच्या डाव्या खांद्यामागून म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा आणा त्यांना."

उत्तर नाही. मी पुढे आले. तो लगेच गोड हसला, मान डोलावली. अगदी वेळेवर, अगदी मापात. मला शंका आली.

"मी काय म्हणाले?"

हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र उतरलं. "...काळजी घ्या?"

चार दिवसांनी तो एकटाच आला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, गर्दी ओसरल्यावर. आत बसला, आणि मी काही सोडायच्या आधीच बटण दाबू लागला.

"आत्ता आवाज नव्हता."

"अंदाज केला."

"इथे अंदाज चालत नाही."

"अरेच्चा! मग गेली चार वर्षं मी केलं काय?"

मला हसू आलं. कागदावरची रेघ बघितल्यावर ते गेलं. उजवा कान ठीक होता. डाव्याची रेघ जिना उतरावा तशी खाली गेली होती. ती परत वर येणार नव्हती, मशीनने मदत मात्र झाली असती.

"दीड महिन्यावर नाटक आहे माझं," तो हळू म्हणाला. "दोनच पात्रं. मालिकेत दोन वाक्यं झाली की कट. ऐकू नाही आलं तरी पुन्हा घेतात. नाटकात पुन्हा कुठून आणू? मी रंगमंचावरूनच आलोय हो... आठ वर्षांनी घरी चाललोय."

मशीन लावून तो पहिलं वाक्य बोलला आणि पांढराफटक पडला.

"हा कोण बोलतोय? डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा?"

सुरुवातीला स्वतःचा आवाज असाच परका वाटतो. इतरांना आठवडाभरात सवय होते. पण याचं तर पोटच त्या आवाजावर होतं. मग ठरलं – दर मंगळवारी यायचं, त्याने बोलत राहायचं, मी मशीन जुळवत राहायचं. बोलणार काय? त्याने पिशवीतून नाटकाची वही काढली.

"बायकोची वाक्यं तुम्ही वाचा."

मी वाचली.

"मॅडम, ती नवऱ्याला सोडून चालली आहे. तुम्ही किराण्याची यादी वाचताय."

"मग शिकवा."

"शिकवतो. आधी माझ्याकडे बघा. नाही, कॉम्प्युटरकडे नाही... माझ्याकडे."

मी बघितलं. आणि पुढचं वाक्य विसरले, वही हातात असून!

असे चार मंगळवार गेले. तो दर वेळी नवी तक्रार आणायचा. चमच्यांचा खणखणाट फार होतो, कागद फार कुरकुरतात, "आणि तुम्ही हसताना आधी एक छोटासा श्वास घेता, हे मला माहीतच नव्हतं." मी मान खाली घालून आकडे बदलत राहायची. आकडे कशाला, ते मलाही ठाऊक नसायचं.

माझं एकदा लग्न जमून मोडलं होतं. त्या माणसाचे दोन्ही कान ठणठणीत होते, पण माझं एक वाक्य कधी त्याच्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून असेल, या अर्ध्या ऐकणाऱ्या माणसासमोर मी पूर्ण बोलू लागले होते. आणि मला त्याचीच भीती वाटू लागली होती.

पाचव्या आठवड्यात मी अर्धी रजा टाकून तालीम बघायला गेले. जमिनीवर खडूने आखलेल्या भिंती, दोन खुर्च्या. बायकोचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीला सगळे ताई म्हणत. शेवटच्या प्रवेशात ताई त्याच्या डाव्या हाताला, मागे उभ्या राहून म्हणतात, "मी जातेय..." आणि थोडं थांबून, "अडवू नकोस." मग तो बोलतो.

त्या दिवशी ताई जास्त थांबल्या. त्यांचा गळा खरंच भरून आला होता. आणि तो मध्येच बोलून गेला, त्यांच्या वाक्यावरच.

"मालिका सोडलीस, सवय नाही सोडलीस," ताई म्हणाल्या. "समोर जिवंत माणूस आहे रे. त्याचं ऐकावं लागतं."

"सॉरी ताई. लक्ष नव्हतं."

जिन्यात मी त्याला गाठलं. "मशीन कुठे आहे?"

"खिशात."

"आणि ताई थांबल्या की मनात मोजत होतात? एक ते पाच?"

"सात." तो कसंनुसं हसला. "बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा बेफिकीर म्हणवून घेतलेलं परवडतं. बेफिकीर नटाला काम मिळतं."

"ताईंना वाटतंय, तुम्हाला त्यांची किंमत नाही. आणि मला..."

"तुम्हाला काय?"

"तुम्ही माझ्याकडे बघून हसता ना, तेव्हा मला कळत नाही – ऐकून हसताय, की नुसते हसताय. मला ते कळायला हवंय."

त्याने काही म्हणायच्या आत मी उतरले. पुढचा मंगळवार रिकामा गेला. मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. पेशंटने उपचार सोडला तर विचारपूस करतोच की आपण... पण मी पेशंटची विचारपूस करणार नव्हते, हे मला पुरतं कळलं होतं.

नंतर आई आल्या, त्यांच्या तपासणीला.

"सांगितलंन हो सगळ्यांना," बसता बसताच त्या म्हणाल्या. "भर तालमीत. ती ताई आधी रडली, मग ओरडली – गाढवा, आधी बोलला असतास तर मी उजवीकडून आले असते! दिग्दर्शकही तयार होता सगळं बदलायला. हाच म्हणाला, नको. आहे तिथेच राहू दे, मी ऐकायला शिकतोय." त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. "रविवारी दुपारी चारला पहिला प्रयोग. माझ्या शेजारची खुर्ची आहे."

रविवारी रंगमंचावर कानामागचं मशीन त्याने लपवलं नव्हतं. पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं. शेवटचा प्रवेश आला. ताई मागे गेल्या. "मी जातेय..."

त्या थांबल्या. तालमीतल्यापेक्षाही जास्त. माझ्या मुठी आवळल्या. त्याचा चेहरा आमच्याकडे होता आणि त्यावर काहीच चाललेलं नव्हतं, फक्त वाट बघणं. एवढ्या लोकांत कुणी खोकलंही नाही. मग ताईंचं वाक्य आलं, अगदी पुटपुटल्यासारखं, आणि ते त्याला लागलेलं मी बघितलं. शेजारी आई डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर मी रंगपटात गेले. आरशासमोर बसून तो कापसाने चेहरा पुसत होता.

"कसं झालं?"

"छान. दुसऱ्या अंकात मशीन जरा..."

"मॅडम, मी नाटकाचं विचारतोय."

"मला रडू आलं," मी म्हणाले. "पुरे?"

तो पुन्हा गाल पुसू लागला. मग म्हणाला, "मंगळवारी येऊ ना? सेटिंगला?"

"या. पण मी नसेन. तुमची फाईल कालच मी दुसऱ्या मॅडमकडे दिली."

त्याचा हात गालावरच थांबला. "अजून रागावलाय?"

"नाही."

"मग?"

"पेशंटबरोबर जेवायला जायचं नाही असा माझा नियम आहे."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्ची वळवून, समोरासमोर. बाहेरून ताई फोटोसाठी हाका मारत होत्या, त्याने ऐकल्या आणि तो हलला नाही.

"आईला काय सांगू?" शेवटी त्याने विचारलं.

"त्यांना मी मध्यंतरातच सांगितलं. पडदा पडल्याबरोबर त्या घरी निघाल्या रिक्षाने. म्हणाल्या, मला मध्ये मध्ये नको."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, दोन्ही.

"डाव्या गालावर रंग राहिलाय," मी म्हणाले. "पूस. आणि चल, मला भूक लागली आहे."

मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं. ते त्याला नीट ऐकू आलं.