अबिगेलची न धाडलेली पत्रं

"मावशी, हे हँडरायटिंग तुझा आहे ना?"

लेस्टरमधल्या त्या लहानशा स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर पेरता पेरता रेखाचा हात जिथल्या तिथे थबकला... अन्वी, तिच्या धाकट्या बहिणीची इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी, कोट न काढताच दाराशी उभी होती आणि तिच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. पस्तीस वर्षांपूर्वीची वही! पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव आता फिकट झालं होतं, पण पुसलं गेलं नव्हतं.

"कुठे सापडली तुला?" रेखाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"आईच्या स्टडीमध्ये. बॉक्समध्ये चार आहेत. आईचा डोळे खूप खराब झालेत, मावशी. मधलं काहीच दिसत नाही तिला, फक्त कडेकडेचं दिसतं. बुकचं नवीन एडिशन निघतेय, म्हणून मी तिला मदत करत होते. मी विचारलं, मार्जिनमध्ये हे मराठीत काय लिहिलंय? तर ती एकदम रडायला लागली. आणि म्हणाली, इट्स नथिंग." अन्वीने ओठ घट्ट मिटले. "मला मराठी वाचता येत नाही. पण दिवाळीच्या कार्डवरचं तुझं अक्षर मला येते."

रेखा खुर्चीवर बसली. ज्या दुःखाला तिने इतकी वर्षं नावसुद्धा दिलं नव्हतं, ते असं भर सकाळी घरात येऊन उभं राहील, असं तिला कधी वाटलं नव्हतं!

आठ वर्षांची असताना ती आईबाबांबरोबर पुण्याहून इथे आली, तेव्हा चैत्राली दोन वर्षांची होती. बाबा लवकर गेले. आई लीलावती शिवणकाम करत राहिली आणि रेखा शिकत राहिली. तेविसाव्या वर्षी तिला संशोधनाची संधी मिळाली, आणि मँचेस्टरच्या एका ग्रंथालयात तिला लूसी भेटली.

लूसी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची, मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यातली मुलगी. तिची मोठी बहीण अबिगेल एका इंग्रज कापूस व्यापाऱ्याशी लग्न करून समुद्रापार मँचेस्टरला आली होती, आणि लूसी आजारी वडिलांपाशी घरीच राहिली होती. आठ वर्षांत तिने बहिणीला एकशे अकरा पत्रं लिहिली. बर्फावरच्या घोडागाडीत दाटीवाटीने बसून गात गेलेल्या मुली, गोधडी शिवायला जमलेल्या बायकांच्या कुजबुजी, कुणाच्या टोपीला कुठली फीत, चर्चमधून परतताना कोण कुणाच्या सोबतीने चाललं... सारं काही त्यांत होतं! कागद वाचवण्यासाठी लूसी आधी आडवं लिही, मग पान फिरवून त्याच ओळींवरून उभं लिही. पाहणाऱ्याला नुसती जाळी दिसायची. रेखा मात्र दर गुरुवारी ट्रेनने जाऊन त्या जाळीतून एकेक शब्द उचलून आणायची. समासात मराठीत स्वतःपुरतं काहीबाही लिहायची. 'आज लूसी खोटं हसते आहे.' 'नाचाला गेली नाही. वडिलांचं औषध हे निमित्त. खरं म्हणजे तिला घालायला काही नव्हतं.'

आणि मग एका एप्रिलमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला.

चैत्राली तेव्हा मँचेस्टरलाच शिकत होती. स्टेशनवर रेखाला मिठी मारून तिने विचारलं होतं, "ताई, मी सोडून येऊ का परत?"

"वेडी आहेस का? एकीने तरी पूर्ण करायला हवं," रेखा म्हणाली होती. पुढच्याच महिन्यात तिने संशोधन सोडलं, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये अर्ध्या दिवसाची नोकरी धरली आणि चारही वह्या आपल्या हाताने बहिणीच्या पिशवीत ठेवल्या. "लूसीला सांभाळ गं," एवढंच ती म्हणाली.

अकरा वर्षं! अकरा वर्षं आईला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं. त्या काळात चैत्रालीने डॉक्टरेट मिळवली, ती लेक्चरर झाली, आणि तिचं पुस्तक आलं. प्रकाशनाला रेखा नवी साडी नेसून मँचेस्टरला गेली. पुस्तक हातात येताच तिने आभाराचं पान उघडलं. ग्रंथपालांचं नाव होतं, मार्गदर्शकांचं होतं, घरमालकिणीच्या मांजराचंसुद्धा होतं... आणि शेवटी दोन शब्द होते, 'माझे कुटुंबीय'.

कुणीतरी कौतुकाने विचारलं, "हे असलं अक्षर तुम्हाला वाचता तरी कसं आलं?"

"सवयीने," चैत्राली हसून म्हणाली. "वर्षं घातली त्यात." आणि मग शेजारी वळून, "ही माझी ताई. लेस्टरला हॉस्पिटलमध्ये असते."

रेखाने घड्याळ पाहिलं. ट्रेनची वेळ झाली म्हणून निघाली. दोन वर्षांनी आई गेली. अंत्यविधीनंतर चैत्रालीचे फोन आले, ते तिने घेतले नाहीत. एक जाड पत्र आलं, त्यावर 'पाठवणाऱ्यास परत' असं लिहून तिने ते टपालपेटीत टाकलं. मग वर्षातून एकदा दिवाळीचं कार्ड, तेही अन्वीच्या नावाने... बस, एवढंच नातं उरलं.

"मावशी," अन्वी आता तिच्या पायाशी बसली होती. "तू ते केलं होतं ना सगळं? खरं सांग. मला आईचा इतका राग आलाय!"

रेखाने तिच्या केसांवरून हात फिरवला. हो म्हणायला किती सोपं होतं! पण या पोरीच्या मनातून तिची आई उतरवून आपल्याला काय मिळणार होतं?

"वाचलं मी. पुस्तक तिने लिहिलं," ती म्हणाली. "तू एकटीच आलीस? तिला ठाऊक आहे?"

"नाही. पण तू ये. प्लीज. अबिगेलचे लेटर्स सापडलेत."

रेखाने चमकून पाहिलं. "अबिगेलची? ती तर उत्तरंच द्यायची नाही! शेवटची पाच वर्षं लूसी नुसती विनवत राहिली, दोन ओळी तरी लिही म्हणून."

"तिने लिहिलेत. नऊ. फक्त पाठवले नाहीत. तिच्या रायटिंग बॉक्समध्ये पडून होते. तिच्या फॅमिलीने मागच्या वर्षी लायब्ररीला दिले. तेही तसेच आहेत, उभे-आडवे. आईला दिसत नाही आणि मला कळत नाही."

दोन दिवसांनी, दुपारच्या वेळी, रेखा मँचेस्टरला ट्रॅममधून उतरली आणि अन्वीच्या मागोमाग बहिणीच्या घरात शिरली. चैत्राली खिडकीशी बसली होती. चोपन्नाव्या वर्षीच केस पांढरे झालेले. पावलांचा आवाज ऐकून तिने मान जरा तिरकी केली, डोळ्यांच्या कडेने पाहण्यासाठी... आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"ताई?"

"हो. मीच."

रेखाने पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "दे ती पत्रं. वाचून दाखवते."

ग्रंथालयाने दिलेल्या मोठ्या छायाप्रती टेबलावर पसरल्या होत्या. पहिली काही मिनिटं रेखाला नुसती जाळी दिसली. मग तिने कागद किंचित कलता धरला... आणि शब्द उठून वर आले, जणू मधली पस्तीस वर्षं गेलीच नव्हती!

अबिगेलचं अक्षर घाईचं होतं. धुराचं शहर, ओळखीचं कुणी नाही, चहाला बोलावणाऱ्या बायका आपल्या बोलण्याला हसतात, एक मूल जगलं नाही. चौथ्या पत्रात ती लिहीत होती, 'लोकांना वाटतं मी इथे फार सुखात आहे.' सातव्या पत्रापाशी रेखा अडखळली. ते तिने दोनदा मनात वाचलं आणि मग हळूहळू, शब्द मराठीत फिरवत सांगू लागली.

"'लूसी, तू बाबांपाशी राहिलीस म्हणून मी जाऊ शकले. हे मी तुला कधीच लिहिलं नाही. लिहायला बसते आणि लाज माझा हात धरते. तुझ्या पत्रातले नाच, गाड्या, गाणी वाचते, आणि मला ठाऊक असतं की त्यातल्या अर्ध्या ठिकाणी तू गेलेलीच नाहीस. तू ते माझ्यासाठी लिहितेस...'"

"थांब," चैत्राली म्हणाली. "थांब ताई, प्लीज."

अन्वी उठून आईजवळ जाऊ लागली. चैत्रालीने तिला हातानेच थांबवलं. "नको. बस. तुलाही ऐकायला हवं. ताई, पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तुझं नाव लिहिलं होतं. पूर्ण पॅराग्राफ होता. मग वाटलं, लोक विचारतील, ही कोण? हिने का सोडलं? आणि मला सांगावं लागलं असतं की ती घरी आईला पुसते आहे, आणि मी इथे... मी इथे लूसीच्या त्यागावर चॅप्टर लिहिते आहे!" तिचा हुंदका फुटला. "मला तुझी लाज नव्हती वाटली गं. माझीच वाटत होती. म्हणून तुलाच पुसून टाकलं मी. समासातलं तुझं प्रत्येक वाक्य इंग्लिशमध्ये केलं आणि माझं म्हणून छापलं. पंचवीस वर्षं मुलं मला ती वाक्यं कोट करून दाखवतात!"

रेखाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हे शब्द ऐकण्यासाठी तिने किती वाट पाहिली होती! आणि आता ऐकल्यावर मात्र मनात विजय नव्हता, होती ती फक्त अथांग हळहळ...

"ते पत्र," ती म्हणाली. "आई गेल्यावर तू पाठवलेलं. मी उघडलंसुद्धा नाही. काय होतं त्यात?"

"हेच. सगळं हेच."

"म्हणजे तू धाडलं होतंस, चैतू! अबिगेलला जमलं नाही ते तू केलं होतंस, आणि मीच..." त्यागाचा मोठेपणा मिरवत रेखा तेवीस वर्षं गप्प बसली होती, आणि त्या मौनाने तिने बहिणीला आईविना, ताईविना एकटं टाकलं होतं. "समासात मी अबिगेलबद्दल लिहिलं होतं, 'सुखात माणूस आंधळा होतो.' किती सहज लिहिलं मी! मला तिला दोषी ठरवायचंच होतं."

मग चैत्राली म्हणाली, "शेवटचं वाच."

नववं पत्र अगदी लहान होतं. एकदाच लिहिलेलं, आडवंच, जाळी नाही. रेखाने तारीख मोठ्याने वाचली.

"सात मार्च, अठराशे अठ्ठावीस."

चैत्रालीने चेहरा वर केला. दोघींनाही ते ठाऊक होतं. चौथ्या वहीतलं शेवटचं पत्र लूसीचं नव्हतं, गावच्या पाद्र्याचं होतं. लूसी फेब्रुवारीत तापाने गेली होती. ती बातमी घेऊन येणारं जहाज तेव्हा समुद्रावरच होतं.

"वाच, ताई."

"'लूसी, हे पत्र मात्र मी नक्की धाडणार. या उन्हाळ्यात मी येते. बाबांपाशी मी बसेन, आणि तू नाचाला जा...'"

रेखाने कागद बाजूला ठेवला आणि उठून बहिणीला छातीशी घट्ट धरलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दोघी पोरींसाठी आणि स्वतःसाठी त्या एकमेकींच्या खांद्यावर रडत राहिल्या. "आपल्याला वेळ मिळाला गं," रेखा पुन्हा पुन्हा म्हणत होती, "उशिरा का होईना, आपल्याला मिळाला..."

चहा झाल्यावर चैत्रालीने डोळे पुसले. "मी सगळ्यांना सांगणार आहे. पब्लिशरला, डिपार्टमेंटला. लेखी."

'राहू दे गं' हे शब्द रेखाच्या ओठांवर आले. जन्मभर तेच तर म्हणत आली होती ती! तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे भीती होती, पण त्याहून मोठी एक आस होती. आपण पुन्हा 'राहू दे' म्हटलं तर हिला हे ओझं मरेपर्यंत वाहावं लागेल, हे रेखाला लख्ख दिसलं.

"सांग," ती म्हणाली. "अगदी सगळं सांग."

ते सोपं गेलं नाही. एक मानाचं व्याख्यान कुणी काही न बोलता रद्द केलं. जुन्या सहकाऱ्यांचे फोन थांबले. एका विद्यार्थिनीने फार कडवट पत्र लिहिलं. ते अन्वीने वाचून दाखवलं, आणि चैत्रालीने ते शांतपणे, शेवटपर्यंत ऐकलं. पण दर गुरुवारी रेखा लेस्टरहून येत राहिली. ती वाचायची, चैत्राली सांगायची, अन्वी टाइप करायची, आणि मध्येच हळूच विचारायची, "मावशी, 'ळ' कसा काढायचा?" अबिगेलवरचं प्रकरण दोघी बहिणींनी नव्याने लिहिलं. त्यात तिला दोष नव्हता.

वर्षभराने पुस्तकाची पहिली प्रत टपालाने आली. चैत्रालीने वेष्टन स्वतः फाडलं, कोऱ्या कागदाचा वास घेतला, पहिल्या पानावरून बोटं फिरवली आणि ते उघडं पुस्तक रेखापुढे धरलं. आता तिला कडेकडेचंही फारसं दिसत नसे.

"मला दिसत नाही, ताई. कोणाची नावं आहेत, वाच."

रेखाने आधी तिचं नाव वाचलं. मग ती थांबली. इतकी वर्षं इतक्या जणींची अक्षरं वाचली, पण हे एवढं मोठ्याने उच्चारणं तिला जमेना...

"वाच ना गं," चैत्राली म्हणाली. "मला ऐकायचंय."

रेखाने पान उजेडाकडे धरलं आणि एकेक अक्षर सुटं करत आपलं नाव वाचून दाखवलं.