समजा, लग्न झालं

पोहे बिनकांद्याचे होते, आणि पत्रिका कुणी काढलीच नाही. इचलकरंजीच्या मगदुमांकडे मुलगी बघायचा कार्यक्रम होता. पण हल्ली अशा कार्यक्रमात आधी मुलाचं मनगट बघतात. मुलीच्या वडिलांनी, अण्णा मगदुमांनी, खिशातून टिकावमापक काढून भरतेश कुंभोजेच्या मनगटाला लावला.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. ताप बघितल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

माणूस कामावर किती टिकेल, हे टिकावमापक सांगत असे. लाखो लोकांच्या जुन्या नोंदी त्याला पाजलेल्या होत्या. त्यावरून त्याचं ठाम मत झालं होतं, की लग्न झालेले पुरुष कामावर टिकतात आणि बिनलग्नाचे गळतात. लग्नामुळे टिकतात, की टिकणाऱ्यालाच मुली मिळतात, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. अंक साठाच्या खाली असला, की गिरणीचं फाटक उघडत नसे. माग दुरुस्तीत भरतेशचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण तो हात फाटकाबाहेर होता.

"नोकरी नाही म्हणून मुलगी नाही, आन् मुलगी नाही म्हणून नोकरी नाही," त्याचे जिनपालमामा म्हणाले. "पोरानं सुरुवात करायची कुठनं, सांगा की अण्णा!"

"मापकाला 'समजा'चं बटण आहे," अण्णांची मुलगी सन्मती म्हणाली. ती गिरणीत यंत्रमानवांवर देखरेख करायची. तिने 'समजा, लग्न झालं' दाबलं. भरतेश थेट अठ्ठ्याऐंशीवर गेला.

मामांनी आणखी पोहे मागितले.

सन्मतीने मापक स्वतःच्या मनगटाला लावून तेच बटण दाबलं. ब्याण्णवाचे चव्वेचाळीस झाले.

"बिघडलं वाटतं." अण्णांनी यंत्र मांडीवर आपटलं. "मांडव एक, अक्षता एक. ह्यो चढतोय आन् ही उतरतीया?"

"बिघडलं नाही, अण्णा. लग्नानंतर बायका काम सोडतात, एवढंच त्यानं पाहिलंय. पण मी सोडणार नाही."

भरतेश चमच्याने बशीतले पोहे एका कडेला सारू लागला. आयुष्यात पहिल्यांदा फाटक उघडत होतं, आणि आत जाताना हिलाच बाहेर काढायचं होतं. आनंद झाल्याचा चेहरा करावा की वाईट वाटल्याचा, हे त्याला कळेना.

"समजा," तो चाचरत म्हणाला, "नवराच घरी राहिला तर?"

मामांनी त्याला चिमटा काढला. सन्मतीने यंत्राला तसं सांगितलं. ते बराच वेळ गुरगुरलं. मग अक्षरं उमटली: 'अशी जोडपी पुरेशी पाहिलेली नाहीत.'

"म्हंजे स्थळ पास का नापास?" मामांनी विचारलं.

अण्णांनी यंत्र कानाला लावून पाहिलं.

भरतेशने बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सन्मतीकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला सकाळी डबा किती वाजता लागतो?"