छातीवरचा हात

ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही. मित्राच्या मित्राची तर नाहीच नाही. फक्त त्या कॅसिनोचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांचा यात काही दोष नव्हता.

दोष कुणाचा होता, ते पुढे येईलच.

१९८६ सालचा फेब्रुवारी. मंगळवार. नेवाडातलं रीनो शहर.

भुताखेतांचं सगळं रात्री घडतं म्हणतात. हे सुरू झालं सकाळी सव्वाअकराला. अर्थात कॅसिनोत खिडकी नसते, घड्याळ नसतं. एकदा आत बसलं की सकाळ काय आणि मध्यरात्र काय, सारखंच.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि ब्लॅकजॅक, म्हणजे एकवीसच्या पार न जाता पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा जुगार, खेळून पोट भरत होते. नशिबावर नाही, मोजणीवर. लहान पानं भराभर निघून गेली की गड्डीत मोठी पानं उरतात. तेवढा वेळ पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं. तेव्हा पैसे वाढवायचे, एरवी हात आखडता घ्यायचा. यात बेकायदा काही नाही, पण कॅसिनोवाल्यांच्या लक्षात आलं की ते बाहेरचा रस्ता दाखवतात आणि तुमचा फोटो गावभर फिरतो. मग तुमचा धंदा संपला.

म्हणून आम्ही तिघं मिळून खेळायचो.

डेल आमचा म्होरक्या. तो आत यायचाच नाही, बाहेर गाडीत बसून असायचा.

ऑर्विल स्टेंगर मोजायचे. वय एकसष्ट, बॉइझी गावचे निवृत्त पोस्टमन. विटकं जाकीट घालून पाच-पाच डॉलर लावत बसायचे. त्यांच्याकडे कोण कशाला बघतंय!

आणि मी, रोझलिन टॅगर्ट. पण आत गेले की मी मिसेस हॅलोरन. लाल कोट, खोट्या अंगठ्या, घटस्फोटात घबाड मिळालेली बाई. ऑर्विलनी खूण केली की मी त्या टेबलावर जाऊन मोठे पैसे लावायचे.

मला हे सगळं ऑर्विलनीच शिकवलं होतं.

"पोरी, पत्त्यांकडे डोळे फाडून बघू नकोस," ते म्हणायचे. "गॅसवर काहीतरी ठेवलंय हे माहीत असूनही आपण गप्पा मारतो ना? लक्ष तसं ठेव."

आमच्या खुणा तीनच. गालाला हात म्हणजे ये. कान खाजवला की ऊठ.

आणि छातीवर तळहात म्हणजे... टेबलावर चालेल तेवढं सगळं लाव.

नियम मात्र एकच. आत आपण एकमेकांना ओळखत नाही. काहीही झालं तरी नाही.

त्या मंगळवारी गाडीतून उतरताना ऑर्विलनी माझ्या कोटाकडे बघून विचारलं, "काय मिसेस हॅलोरन, आज कितवा नवरा सोडला?"

"तिसरा," मी म्हटलं. "चौथ्या जागेसाठी तुम्ही अर्ज करा."

"मला नाही परवडायची तू," ते म्हणाले आणि पुदिन्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी खुळखुळवत पुढे निघाले.

ते आमचं शेवटचं बोलणं.

सव्वाअकराला त्यांनी गालाला हात लावला. मी जाऊन एक खुर्ची सोडून बसले. दोन-तीन डाव साधेच झाले. मग लहान पानांचा नुसता पाऊस पडला. दुर्री, चौकी, पंजी, पुन्हा दुर्री. मोजणी वर चढत होती. इतकी चढलेली मी तोवर पाहिली नव्हती.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून ऑर्विलकडे पाहिलं.

त्यांचा तळहात छातीवर होता.

मी पैसे लावायच्या दोन घरांवर पाचशे-पाचशे लावले. एका घरात एकोणीस, दुसऱ्यात पहिल्या दोन पानांतच एकवीस. डीलरची पानं एकवीसच्या पार गेली.

मी पुन्हा पाहिलं.

हात छातीवरच होता. बोटं मात्र पसरलेली नव्हती... जाकीट मुठीत आवळलेलं होतं.

वरच्या ओठावर घाम होता. आणि डबी हातातून सुटून खाली पडली. गोळ्या गालिच्यावर घरंगळल्या, त्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

आता खरं सांगते. पहिल्या डावाला मला ती खूण वाटली होती. दुसऱ्या डावाला... मला कळलं होतं.

तरी मी पैसे लावले.

"आज तुमचा दिवस आहे बाईसाहेब," डीलर हसून म्हणाला. तो चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, माझ्याकडे सरकवत असतानाच ऑर्विल खुर्चीवरून खाली घसरले.

पळापळ झाली. पिट बॉस, म्हणजे टेबलांवर देखरेख करणारा माणूस, गुडघ्यावर बसला आणि ओरडला, "यांच्याबरोबर कोण आहे?"

कुणी बोललं नाही.

"अहो, यांच्याबरोबर कुणी आहे का?"

मी चिप्स पर्समध्ये भरत होते.

ऑर्विलचे डोळे उघडे होते. ते माझ्या बुटांकडे बघत होते. तोंडाकडे नाही. एवढ्या यातनेतही त्या माणसानं नियम पाळला. मला ओळख दाखवली नाही.

मी मागच्या दारानं बाहेर पडले.

"बरोबर केलंस," डेल गाडी सुरू करत म्हणाला. "तू थांबून काय होणार होतं? तू डॉक्टर आहेस का?"

दोन दिवसांनी डेलनं कुठूनतरी बातमी काढली. ऑर्विल त्याच दिवशी दुपारी गेले. बॉइझीला त्यांची बहीण होती, व्हर्ना. ती येऊन त्यांना घेऊन गेली. डेलनं नाव न घालता फुलं पाठवली.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा खेळायला लागलो. आता मोजणारीही मीच आणि लावणारीही मीच.

आणि मग सुरू झालं...

पहिल्यांदा न्याहारीला. वेट्रेसनं टेबलावर कॉफीचे दोन कप ठेवले.

"मी एकटीच आहे," मी म्हटलं.

ती समोरच्या बाकाकडे बघून जरा गोंधळली. "असं होय? मला वाटलं... बरं, असू दे." आणि कप उचलून घेऊन गेली.

मी विसरून गेले.

चार दिवसांनी मोटेलच्या मालकिणीनं किल्ली देताना विचारलं, "तुमच्या वडिलांना जिना चढवेल ना? नाहीतर खालची खोली देते."

"कोणाचे वडील?"

ती माझ्या खांद्यामागे बघत होती. मी गर्रकन वळले.

दार बंद होतं. बाहेर बर्फ पडत होता, आणि आतपर्यंत उमटलेली ओली पावलं फक्त माझी होती.

त्या रात्री मी दिवा मालवला नाही. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तेच जास्त भयंकर होतं. कारण जे लोकांना दिसत होतं, ते मला दिसतच नव्हतं.

मी डेलला सांगितलं. तो म्हणाला, "तुला झोपेची गरज आहे." मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, "रोझ, एक विचारू? काल पार्किंगमधून तू येत होतीस तेव्हा... हळूहळू का चालत होतीस? कुणाला तरी हाताला धरून चालवावं तशी?"

आपण तशा चाललो होतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एल्कोला गेलो. छोटं गाव, छोटा कॅसिनो. सकाळचे दहा वाजले होते. टेबलावर मी एकटीच. डीलर पोक्त बाई होती, चष्मा दोरीला बांधलेला.

तिनं पानं वाटली. एक मला. एक स्वतःला.

आणि एक माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे.

"अगंबाई!" ती स्वतःशीच हसली आणि पान मागे घेतलं. "चुकलंच माझं. ते नुसते बसलेत, नाही का?"

तरी मी खेळत राहिले. खेळत राहायची सवयच लागते हो. हात आपोआप चालतात, डोकं आपोआप मोजतं.

आणि मोजणी चढायला लागली. दुर्री. पंजी. तिर्री. तिर्री. अगदी रीनोतल्या त्या दिवसासारखी.

शेजारून बारीकसा आवाज आला.

खुळ्... खुळ्...

पत्र्याच्या डबीतल्या गोळ्यांचा.

मी मान वळवली नाही. चिप्सची सगळी चळत पुढे सरकवायला हात घातला. तेवढ्यात पिट बॉस माझ्याजवळ आला. तरणा पोरगा होता, अदबीनं वाकून म्हणाला, "माफ करा, मॅडम. हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?"

मी पानांवरून नजर हलवली नाही.

"त्यांची तब्येत बरी दिसत नाही. मघापासून छातीवर हात धरून बसलेत."

डीलर बाई पानं खाली ठेवून त्या खुर्चीकडे काळजीनं बघत होती. दोघंही बघत होते. मलाच फक्त रिकामी खुर्ची दिसत होती.

माझा हात चिप्सवरच होता.

"मॅडम? हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"हो," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. "हो, माझ्याबरोबर आहेत. ऑर्विल स्टेंगर त्यांचं नाव. माझे गुरू आहेत ते. आम्ही एकत्र खेळतो."

झालं. मिसेस हॅलोरन तिथेच संपली. पण त्या पोराला त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, "मग त्यांना मोकळ्या हवेत घेऊन जा ना. मी दार उघडतो."

मी उठले. हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही... पण खांद्यावर वजन आलं. खरंखुरं वजन. पाऊल जड पडत होतं.

पोरानं दार उघडून धरलं आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं. माझ्या मागून आणखी कुणी तरी जायचं असावं, तसं.

डेल गाडीत होता. मी त्याच्याकडून किल्ली मागितली. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला आणि मुकाट्यानं उतरला. नंतर मी त्याला कधीच भेटले नाही.

एल्को ते बॉइझी, बर्फातून सहा तास. सगळ्या वाटेत मी एकटीच बोलत होते. दुसरा डाव मी जाणूनबुजून खेळले, हेही सांगितलं. शेजारून काही उत्तर आलं नाही. बॉइझीची पाटी दिसली आणि खांद्यावरचं वजन एकदम उतरलं. इतकं एकदम, की मी दचकून गाडी बाजूला घेतली.

व्हर्नाचं घर शोधायला वेळ लागला नाही. दार तिनंच उघडलं. सत्तरीची, काटक बाई. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "ये. किती दिवस वाट बघायला लावलीस!"

मला कळेना. "तुम्ही मला ओळखता?"

"ओळखत कशी नाही? बस. आधी सूप घे, हात बघ कसे गारठलेत."

सूपचा वाडगा मी बाजूला सारला. मी सगळं बोलून टाकलं. खुणा, तो हात, मुठीत आवळलेलं जाकीट, मागचं दार. "मी त्यांना तिथे जमिनीवर टाकून निघून गेले," मी म्हटलं. "तुम्ही मला घराबाहेर काढलंत तरी चालेल."

व्हर्नानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तू आजारी आहेस का गं?" तिनं हळूच विचारलं. "असं का बोलतेस?"

"हे खरं आहे."

ती उठली, आतल्या खोलीतून एक पाकीट घेऊन आली. हॉस्पिटलचे कागद होते. त्यातला एक तिनं माझ्यापुढे ठेवला.

रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीचं नाव... रोझलिन टॅगर्ट.

वेळ... अकरा वाजून बावन्न मिनिटं.

खाली सही. माझी सही. शेवटच्या अक्षरावरून रेघ मागे ओढायची आणि सगळ्या नावाखालून न्यायची, ही माझी लहानपणापासूनची खोड. ती रेघसुद्धा तिथे होती.

अकरा बावन्नला मी डेलच्या गाडीत होते. शहराबाहेर. हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगेन.

"ऑर्विल दोन तास शुद्धीवर होता," व्हर्ना म्हणाली. "फोनवर माझ्याशी बोलला. म्हणाला, काळजी करू नकोस, मी एकटा नाही. पोरगी आहे माझ्याजवळ. तिनं हात सोडलेला नाही."

"नाव त्यांनीच सांगितलं असेल," मी कशीबशी म्हटलं. "नर्सनं लिहिलं असेल..."

"नर्सनंच तर मला तुझ्याबद्दल सांगितलं. लाल कोटवाली मुलगी, म्हणाली. त्याचे डोळे मिटेपर्यंत बसून होती. नंतर कधी उठून गेली ते कुणी पाहिलं नाही."

पुढे मी त्या नर्सला फोन केला. तिला दिवस आठवत होता, कोट आठवत होता. माझा आवाज तिनं ओळखला. "आता बऱ्या आहात ना?" तिनं विचारलं. "मी इतकी वर्षं नोकरी केली, पण कुणाला तसं रडताना पाहिलं नाही. आतून सगळं उपसून काढावं तसं रडत होतात तुम्ही."

मी फोन ठेवला.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. पत्त्यांना मी पुन्हा हात लावला नाही. बॉइझीतच राहिले, रोपवाटिकेत काम धरलं. लग्न झालं, दोन मुलं झाली. ऑर्विल पुन्हा कधी कुणाला माझ्या शेजारी दिसले नाहीत. त्यांना जिथे जायचं होतं तिथे मी त्यांना पोचवलं, असं व्हर्ना म्हणायची. असेलही.

मला भीती त्यांची वाटत नाही.

माझी आई गेली, तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते. सगळं घर रडत होतं. व्हर्ना गेली तेव्हाही असंच झालं. गेल्या वर्षी माझा धाकटा मुलगा अपघातात गेला. त्याच्या शवपेटीवर हात ठेवून मी उभी राहिले आणि वाट बघितली. आता येईल... आता येईल...

डोळे कोरडे ते कोरडेच.

रीनोच्या त्या मंगळवारपासून मला एकदाही रडू आलेलं नाही.