संध्याचा आवाज

अंबरनाथ स्टेशनवरून पर्यटकांना शिवमंदिर दाखवायला महेंद्र बॅटरीची उघडी गाडी चालवायचा. वाटेत स्पीकरवर माहिती लागायची, "नमस्कार मंडळी! आता आपण हजार वर्षांचं देऊळ बघणार आहोत..." आवाज त्याच्या बायकोचा, संध्याचा. हौसेने तिनेच रेकॉर्डिंग केलं होतं. गेल्या वर्षी काविळीने ती गेली, आवाज तेवढा गाडीत राहिला. मालक नवीन आवाज भरणार होता, तेव्हा महेंद्रने अक्षरशः त्याचे पाय धरले होते.

त्या दिवशी दिवेलागणीला शेवटची मंडळी देवळापाशी उतरली. महेंद्र रिकामी गाडी घेऊन निघाला. लाईट गेलेली. नदीकडून उग्र वास येत होता. गाडीला आवाज नाहीच. चाकांखाली खडी तेवढी करकरत होती.

पुलाच्या वळणावर एक बाई हात दाखवत उभी होती. पिवळी साडी, एका पायावर भार देऊन उभं राहायची तीच लकब. संध्या! महेंद्रचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

तेवढ्यात बंद स्पीकर खरखरला.

"महेंद्र... थांबू नकोस. ती मी नाही."

आवाज संध्याचाच. अगदी कानाशी.

त्याने गाडी दामटली. बाई मागे धावत सुटली. "अहो... अहो, ऐका ना!" महेंद्रने मान वळवली नाही.

पूल मागे पडला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बारा वर्षांच्या संसारात संध्याने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती.

त्याने कचकन ब्रेक दाबला. "तू... कोण आहेस?"

"चल पुढे," स्पीकर म्हणाला.

त्याने स्पीकरची वायर उपटली, खाली उडी मारली आणि वळणापर्यंत पळत गेला. "संध्या! अगं, चुकलं माझं... ये ना!"

रस्ता रिकामा होता. बराच वेळ हाका मारून तो रडवेला होऊन माघारी फिरला. गाडी दहा पावलांवर राहिली आणि तो जागीच थिजला.

मागच्या सीटवर कुणी दिसत नव्हतं. पण तिथे दोन बायका दबक्या आवाजात भांडत होत्या. दोन्ही आवाज संध्याचे.

त्याच्या चपलेखाली खडा वाजला... आणि दोघी एकदम गप्प झाल्या.