दीडपट ठोका

काळीपार खाणीच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, संगणकाच्या पडद्यावर सकाळचे सव्वानऊ वाजले होते. तीनशे फूट खाली गणपत आत्राम आपल्याच यंत्राखाली पाय अडकून पडला होता. पहाटे कड्याचा एक तुकडा ढासळला, त्यात त्याचं खोदयंत्र कलंडलं. उरलेला कडा अजून उभा होता, पण हलत होता.

"किती वेळ उभा राहील, एवढंच मला सांगता येत नाही," डॉ. सुहास ढोक म्हणाले. ते खाणीचे भूशास्त्रज्ञ. "रडार कड्याची हालचाल मोजतंय. पण ते आकडे दळून भाकीत काढायला या डब्याला दीड तास लागतो. आणि नियम काय सांगतो? हलत्या कड्याखाली भाकिताशिवाय एक तास. त्यापुढे माणसं वर काढायची."

"आत्रामला सोडून?" पुष्पलता रामटेके यांनी विचारलं.



रामटेकेबाई खाणीच्या विद्युत कार्यशाळेतल्या तंत्रज्ञ. एकतीस वर्षं नोकरी आणि स्वभाव असा, की कुठे 'उघडू नये' लिहिलेलं दिसलं की हात आपोआप पान्याकडे जायचा. त्यांनी डब्याचा सेटिंगचा पडदा उघडला. वेगाच्या सगळ्या ओळी करड्या, एकीवरही बोट चालेना. बनवणाऱ्या कंपनीने मदरबोर्डला आतून कुलूप घालून तो विकला होता. प्रोसेसर धावू शकत होता, पण त्याने चालतच राहावं अशी कंपनीची इच्छा.

"सर, प्रोसेसरचा वेग म्हणजे एक गुणाकार असतो," बाई झाकणाचे स्क्रू काढता काढता म्हणाल्या. "बोर्डावर एक तालस्फटिक आहे. तो मूळ ठोका देतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. यांनी कुलूप लावलं ते गुणकाला. स्फटिकाला काहून लावतील? तो तर साधा दोन पायांचा खडा."

"म्हणजे?"

"म्हणजे खडा काढते आणि तिथं हवा तेवढा ठोका देणारं माझं ठोकायंत्र जोडते. ठोका दीडपट केला की दीड तासाचं काम एका तासात."

"जळेल ना पण!"

"जळेल तर." बाईंनी घमेलं पुढे ओढलं, त्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल ओतलं आणि अख्खा बोर्ड त्यात बुडवला. तेलातून वीज वाहत नाही, उष्णता मात्र वाहून जाते. त्या तेलात पाहताना ढोकांना आपली परदेशी पदवी जरा हलकी वाटली.

पडद्यावर बरोबर दहा वाजता नवी मोजणी सुरू झाली. नान्हे फोरमन आणि चार माणसं त्याच वेळी खाली उतरली.

पडद्यावर अकरा वाजले. गणना दोन तृतीयांशच झाली होती.

"काहीच फरक पडला नाही," ढोक पुटपुटले. त्यांनी वायरलेस उचलला. "नान्हे, माणसं वर..."

"थांबा!" बाईंनी त्यांचा हात धरला. तेल तापलं होतं, यंत्र धावत होतं, मग काम होत का नव्हतं? त्यांनी वायरलेसवर फाटकावरच्या माणसाला विचारलं, "किती वाजले?" सुरुंगांच्या भीतीने मोबाइल, मनगटी घड्याळं सगळं फाटकावरच जमा व्हायचं. आत वेळ दाखवणारा एकटा तो पडदा.

"दहा चाळीस, मॅडम."

बाई कपाळावर हात मारून हसल्या. "पडद्यावरचं घड्याळ त्याच ठोक्यावर चालते, सर! ठोका वाढला, तसं तेही पळालं. याला विचाराल तर हा म्हणेल, मी कुठं धावलो?"

खरे अकरा वाजले, पडद्यावर साडेअकरा, आणि भाकीत आलं : कडा चार वाजता कोसळेल.

म्हणजे भरपूर वेळ होता. घड्याळ अर्धा तास पुढे, म्हणजे खरे साडेतीन. घरी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवायची आपली सवयच असते. पाहायचं आणि दहा वजा करायचे. ढोकांनी वजा केले, बाईंनीही केले. चंद्रपूरहून निघणारे डॉक्टर अडीचला पोहोचणार होते. दबलेला पाय एकदम सोडवला तर जीव जाऊ शकतो, मी येईपर्यंत थांबा, असं त्यांनी बजावलं होतं. जॅक लावून नान्हे थांबला. आत्राम खालून विचारत होता, "अजून किती वेळ, जी?" आणि नान्हे सांगत होता, "अडीचला डाक्टर येते, गणपतभाऊ."

पडद्यावर अडीच वाजले. त्यातून अर्धा तास वजा करून ढोकांनी फाटकाला विचारलं, "दोन वाजले ना? डॉक्टरांची गाडी दिसते का?"

"कुठले दोन, सर? आता कुठं एक वाजून राह्यला."

ढोक पडद्याकडे पाहत राहिले. "मघाशी अर्ध्या तासाचा फरक होता. आता दीड तासाचा."

"घड्याळ पुढं लावलेलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पुढं पळून राह्यलं. वजाबाकी नाही, भागाकार पाहिजे होता. चुकलं माझंही."

"पण कड्याची हालचालही त्याच घड्याळाने मोजली," ढोकांचा स्वर एकदम चढला. "घड्याळ पळतंय, म्हणून त्याला कडा खऱ्यापेक्षा संथ वाटला, आणि त्याने जास्त तास दिले. ते तासही त्याचेच, आखूड! म्हणजे भाकीत बरोबर आहे. पडद्यावर चार वाजतील तेव्हाच कडा पडेल. दहापासून त्याचे सहा तास, म्हणजे आपले चार."

"दोन वाजता," बाई म्हणाल्या.

हातात एक तास होता, आणि डॉक्टरांना यायला दीड.

ढोकांनी वायरलेस उचलला. "नान्हे, थांबायचं नाही. आता सोडवा." फाटकावरच्या माणसाने डॉक्टरांना गाडीतच फोन लावला आणि एकेक शब्द वायरलेसवर पोहोचवला. आधी सलाईन. मग जॅक, बोटभर. पुन्हा थांबा. पुन्हा बोटभर. आत्रामच्या किंकाळ्या शेडपर्यंत ऐकू येत होत्या, आणि त्या ऐकू येताहेत याचाच बाईंना आधार वाटत होता. शेवटच्या बोटभर उचलण्याआधी डॉक्टरांच्या फोनची रेंज गेली, पण पडद्यावर साडेतीन झाले तेव्हा पाय मोकळा झाला. चारला तीन मिनिटं असताना स्ट्रेचर काठावर आलं.

मग कडा पडला. धूळ बसायला बराच वेळ लागला. ढोकांनी तेलकट हातांच्या रामटेकेबाईंना वाकून नमस्कार केला. "अहो, असं काय करता सर," म्हणत बाई मागे सरकल्या.

फाटकावर गाडी थांबली. डॉक्टर बॅग घेऊन धावत आले आणि धापा टाकत म्हणाले, "अडीच म्हणालो होतो, अडीचलाच आलो. कुठे उतरायचंय?"

ढोकांनी त्यांना काठाशी नेलं. सकाळी जिथे खोदयंत्र होतं, तिथे आता नुसता मातीचा ढीग होता. डॉक्टरांनी एकदा खाली पाहिलं, एकदा घाईत फाटकावर जमा करायचं राहिलेल्या आपल्या घड्याळाकडे, आणि स्ट्रेचरपाशी जाऊन आत्रामची नाडी धरली.