होडीघराची सरासरी

सोमवारी सकाळी नऊ वाजता तळ्याकाठच्या होडीघरावर नोटीस लागली. लोकांच्या मतानुसार होडीघर शुक्रवारी पाडून तिथे गाड्यांसाठी जागा करणार होते.

होड्या दुरुस्त करणारे काका नोटीस वाचून पुन्हा रंधा मारायला बसले. त्यांचं सगळं कामच त्या छपराखाली चालायचं. सुट्टीत त्यांच्याकडे वल्हवायला शिकणाऱ्या तिघांना मात्र चैन पडेना. त्यांच्यात पुढे होती टिपणी. सगळं वहीत टिपायची म्हणून हे नाव. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ आणि शेजारचा लंबू. टिपणीला एकच गोष्ट खटकत होती. मताच्या चिठ्ठ्या तर घरोघर भरल्या होत्या, मग पाडा म्हणणारे होते कोण? दुपारपर्यंत तिघांनी बेचाळीस दारं वाजवली. असं घर निघालं एकच.

नोटीस लावणाऱ्या समितीची कचेरी पलीकडच्या काठावर, पाचला बंद होणारी. रस्त्याने वळसा पडला असता, म्हणून काकांनी होडी सोडली. पावणेपाचला तिघं धापा टाकत चिटणीसांसमोर उभे राहिले.

चिटणीसांना आपल्या कामाचा अभिमान होता. "एक म्हणजे दुरुस्त करा, दोन म्हणजे पाडा, तीन म्हणजे निम्म्या जागेत वाचनालय करा. एकशेवीस चिठ्ठ्यांची सरासरी बरोब्बर दोन."

टिपणीने चिठ्ठ्या मागितल्या आणि टेबलावर तीन गठ्ठे लावले. एकच्या अठ्ठावन्न, तीनच्या अठ्ठावन्न. दोनच्या फक्त चार.

"साहेब, होड्यांची लांबी मोजली तर सरासरी निघते," ती म्हणाली. "हे आकडे कुणी मोजलेले नाहीत. ती पर्यायांची नावं आहेत. किती जणांनी कुठलं लिहिलं, तेवढंच मोजायचं."

"माझी बस चार नंबरची, हिची दहाची," लंबू म्हणाला. "मग आम्ही सात नंबरात बसायचं का?"

शेजारच्या टेबलावरच्या अध्यक्षबाई खो खो हसत सुटल्या. चिटणीसांनी गठ्ठे दोनदा मोजले आणि स्वतःच आदेशावर काट मारली. वीस वर्षांत समितीच्या चुकीवर इतकं नेमकं बोट कुणी ठेवलं नव्हतं, असं बाई म्हणाल्या. काकांनी निरोप ऐकला, तिघांच्या पाठीवर एकेक थाप मारली आणि त्यांना नव्या होडीच्या घासकामाला बसवलं.

मंगळवार सकाळपर्यंतची बातमी अशी: होडीघर पाडणार नाहीत. सगळंच दुरुस्त करायचं की निम्म्यात वाचनालय, यावर अठ्ठावन्न विरुद्ध अठ्ठावन्न. फेरमतदान रविवारी. आता सगळं 'पाडा' लिहिणाऱ्या त्या चौघांवर आहे. त्यांतल्या एकाने काकांना वल्हवायला शिकवाल का, एवढंच विचारलंय.